हात लावायचा नाही

विसाव्या दिवशी अंडं कानाला लावलं की आत टकटक ऐकू यायला हवी. आक्कानं सलग तीन दिवस अंडी कानाला लावली. मशीनच्या वरच्या जाळीतली साठ, मधल्या जाळीतली साठ, खालच्या जाळीतली साठ. एकाही अंड्यातून हूं की चूं नाही. बाविसाव्या दिवशी सकाळी ती मागच्या दाराशी गेली आणि तिनं हाक मारली, "वन्सं, बादली घेऊन या. आणि नाकाला फडकं बांधून या."

वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. स्वतःचा नवरा गेल्यापासून भावाकडेच राहायला. गुडघ्यानं अधू, पण जिभेनं ठणठणीत. त्या बादली आपटत आल्या, खुराड्यामागच्या खड्ड्याशी बसकण मारली आणि म्हणाल्या, "तिसरी खेप ना ही? आपण कोंबड्या पाळतोय की स्मशान चालवतोय?"

आक्का हसली नाही, रडलीही नाही. पहिल्या खेपेला ती दोन दिवस जेवली नव्हती. दुसऱ्या खेपेला मशीन विकणाऱ्या दुकानदाराच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला होता. आता अंगात तेवढंही उरलं नव्हतं. अंडं दगडावर टेकवायचं, कवच सोलायचं, बघायचं, बादलीत टाकायचं. वरच्या जाळीतली पिल्लं पूर्ण भरलेली, पिसं आलेली, कवचाला चिकटून वाळलेली. खालच्या जाळीतली अर्धवट, पातळ, हिरवट. वास असा की कुंपणावरचे कावळेसुद्धा जवळ येईनात. बोटांना लागलेलं ती मातीत पुसायची आणि पुढचं अंडं घ्यायची.

"वरची भाजली, खालची गारठली," ती म्हणाली. "एकाच पेटीत."

मिस्त्री दाराच्या चौकटीत उभा होता. तो तिचा नवरा, पण गाव त्याला मिस्त्री म्हणायचं आणि घरातही तेच नाव चालायचं. पाण्याचे पंप, फवारणीचे पंप, शिलाईच्या मशिनी, सायकली, लोकांच्या घरात जे जे बंद पडेल ते त्यानं चाळीस वर्षं चालू करून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी दुकान बंद केलं, म्हणजे झालं. लोक आता मोडकं भंगारात घालतात आणि नवं हप्त्यावर आणतात.

"मला एकदा आत बघू दे," तो म्हणाला. "पंखा ओरडतोय. इथवर ऐकू येतोय."

"नाही."

"अगं, नुसतं बघतो."

"तुमचं नुसतं बघणं मला ठाऊक आहे. मागच्या पत्र्यावर चिठ्ठी डकवलीय, हात लावायचा नाही म्हणून. फाटली की गॅरंटी गेली."

मिस्त्रीनं दोन्ही हात खिशात घातले आणि आत गेला.

आता या मशीनचं कसं झालं ते सांगायला हवं. आक्काला बायका खुडूकआक्का म्हणायच्या, आणि त्याचा तिला राग नव्हता. खुडूक कोंबडीखाली अंडी लावून पिल्लं काढण्यात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. अंडं पापणीला टेकवून ती ऊब ओळखायची. जास्त झाली, कमी झाली, पाणी शिंपडायला हवं, सगळं पापणी सांगायची. बायका अंडी आणून द्यायच्या आणि निघालेली पिल्लं निम्मी त्यांची, निम्मी हिची, असा ठरलेला वाटा होता. तिच्या स्वतःच्या बत्तीस कोंबड्या होत्या, ठिपकेवाल्या. एकोणीस वर्षं निवड करत करत तिनं ती जात आणली होती: पाय बळकट, अंडं मोठं, पिल्लं सांभाळायला माऊलीच. पण एका कोंबडीखाली अंडी मावणार बारा. मागणी वाढली, आणि बाजाराच्या गावातल्या दुकानात तिनं ते मशीन पाहिलं. कपाटासारखी पेटी, तीन जाळ्या, आत दिवा, मागं पंखा, पुढं काटा. एका वेळी एकशे ऐंशी अंडी.

एवढे पैसे कुठले असायला? दुकानदार म्हणाला, पैशाचं काय घेऊन बसलात! त्यानं फायनान्स कंपनीचा कागद पुढं केला. कंपनी दुकानदाराला रोख देणार आणि आक्कानं कंपनीला चोवीस हप्ते द्यायचे. तिनं सही केली. काटा साडेसदतीसवर ठेवायचा आणि दार उघडायचं नाही, एवढंच शिकवून त्यानं मशीन टेम्पोत चढवलं.

पहिल्या खेपेला चौथ्याच दिवशी पापणीनं सांगितलं होतं, वरची जाळी फार तापलीय. काटा म्हणत होता, साडेसदतीस. आक्कानं काट्याचं ऐकलं. एवढ्या पैशाचं मशीन आणायचं आणि विश्वास पापणीवर ठेवायचा, हे तिच्या बुद्धीला पटेना. दुसऱ्या खेपेला तिनं दार उघडून वारा दिला, तर खालची अंडी गार पडली. तिसऱ्या खेपेला कशालाच हात लावला नाही. झालं ते समोर बादलीत होतं.

दुपारी ओढ्यापलीकडची बाई टोपली न्यायला आली. तिनं चाळीस अंडी दिली होती. खड्ड्याकडून वास येत होताच, त्यामुळं सांगायची गरज पडली नाही. तिनं ओट्यावरची रिकामी टोपली उचलली, उलटी करून झटकली आणि निघून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं, असं आक्काला वाटलं.

दुकानात गिऱ्हाइकासाठी गादीचं स्टूल होतं. मशीन घ्यायला गेली तेव्हा दुकानदारानं ते स्वतः पुसून दिलं होतं. या खेपेला त्यावर पंख्याचं खोकं ठेवलेलं होतं आणि त्यानं ते हलवलं नाही. आक्का उभीच राहिली.

"तीन खेपा गेल्या. मशीन परत घ्या," ती म्हणाली.

"परत?" दुकानदार हसला. "बाई, ही भाजी नाही परत करायला. मशीन बनवलं कारखान्यानं, पैसे दिले कंपनीनं. मी मधला माणूस."

"पैसे तर तुम्हाला मिळाले."

"मिळाले, आणि मशीन तुमच्याकडे पोचलं. हिशेब संपला." मग दुसऱ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "यंत्राला यंत्रासारखं वागवावं लागतं हो. कोंबडीखाली अंडी ठेवणाऱ्या माणसाला ते जमेलच असं नाही."

दुसरं गिऱ्हाईक हसलं. आक्काच्या कानशिलात रक्त चढलं आणि तसंच उतरूनही गेलं. तिला नवल वाटलं की आपल्याला आणखी राग कसा येत नाही.

त्याच आठवड्यात हप्तेवाला आला. तरणा, नीटनेटका, बोलायला मऊ. दारातच फटफटी लावायचा आणि शेजारच्या तीन घरांना कळेल असा हॉर्न द्यायचा, एवढंच काय ते वाईट. मागचे दोन हप्ते द्यायचे राहिले होते. त्यानं पाणी मागून घेतलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"मावशी, मला मशीनशी घेणंदेणं नाही. मशीन उद्या उडून गेलं तरी हप्ता द्यावाच लागतो."

"म्हणजे दुकानदार म्हणतो पैसे कंपनीचे, आणि कंपनी म्हणते मशीन दुकानदाराचं," वन्सं म्हणाल्या. "आणि दोघांच्या मधे आमचं सँडविच."

हप्तेवाल्याला हसू आलं. जाताना त्यानं, कुणाला सांगू नका म्हणत, सरकारी दवाखान्यामागं ग्राहकांची तक्रार घेणारी एक खोली आहे म्हणून सांगितलं. भला माणूस होता. चांगुलपणा त्याच्या पगारात बसत नव्हता, इतकंच.

त्या खोलीत एक बाई बसायची. गळ्याला मफलर, समोर गठ्ठ्यांची भिंत, आणि बोलताना मधेच खोकल्याची ढास. आक्कानं सांगितलेलं तिनं शब्दन् शब्द लिहून घेतलं. मधे एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. आक्काला त्याचंच भरून आलं.

"मावशी, वस्तू उधारीवर घेतली म्हणून तुमचा हक्क कमी होत नाही," बाई म्हणाली. "रोखीनं घेतलेली वस्तू खोटी निघाली तर परत घ्यायला लावता येते, तशीच ही. आणि ज्या कंपनीनं या खरेदीसाठीच पैसे दिले, तिलाही हात झटकता येत नाहीत. दुकानदार आणि कंपनी, दोघांनीही उत्तर द्यायचं."

"खरंच?"

"कायदा आहे. पण दोष सिद्ध व्हायला हवा. आमचा तपासनीस येईल, सहा तास मोजणी करील. दोष निघाला की मशीन परत, पुढचे हप्ते बंद, भरलेले पैसे परत. निकाल लागेपर्यंत हप्ते थांबवायचं पत्र मी आजच कंपनीला धाडते."

"आणि नाही निघाला तर?"

बाईनं खोकून घेतलं. "तर तक्रार बंद. कंपनी राहिलेले सगळे हप्ते दंडासकट एकदम मागेल. एका दोषासाठी तपासणी एकदाच होते." मग तिनं बोट उगारलं. "म्हणून एक करा. आजपासून आठवड्यानं, मंगळवारी, तो येणार. तोवर मशीन आहे तसं चालू ठेवायचं. आत थोडी अंडी ठेवा. उघडायचं नाही, ठोकायचं नाही, दुरुस्त तर मुळीच करायचं नाही. मोडकं आहे, मोडकंच राहू द्या."

आक्का चालत घरी आली. वाटेत तिनं हिशेब केला. दंडासकट एकदम मागितले तर घरात विकण्यासारखं एकच होतं, आणि ते खुराड्यात कुकूक करत होतं. तपासनिसानं दोष लिहिला की बत्तीस कोंबड्या वाचल्या. नाही लिहिला तर गेल्या. इतकं सरळ होतं. आणि दोष तर आंधळ्यालाही दिसेल असा होता, त्यामुळं तिला धास्ती वाटली नाही.

घरी येऊन तिनं मिस्त्रीला समोर बसवलं आणि बाईचं म्हणणं पुन्हा सांगितलं. त्यानं मान डोलावली. मग तिनं त्याची हत्यारांची पिशवी कपड्यांच्या पेटीत टाकली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

"लहान मूल समजतेस काय मला?" मिस्त्री म्हणाला.

"मूल असता तर ऐकलं असतं," वन्सं म्हणाल्या.

मशीन पुढच्या खोलीत होतं. पंख्यातून आवाज यायचा, टक्, टक्, मधेच लांब घासल्यासारखा खर्र, पुन्हा टक्, टक्. आक्का आणि वन्सं त्याला सरावल्या होत्या. मिस्त्री सरावेना. जेवताना त्याचा घास टक्‌पाशी थांबायचा. "दांडा वाकडा आहे," तो म्हणायचा. "पातं घासतंय. वारा फिरत नाही, म्हणून ऊब वरच राहते. काट्याचं टोक खाली बसवलंय, त्याला गारच लागतं, म्हणून दिवा विझत नाही. वर भाजतंय ते म्हणून."

"मग हेच तपासनिसाला सांगा," आक्का म्हणाली.

"पाच मिनिटांचं काम आहे."

"अहो!"

हाताला काही तरी हवं म्हणून त्यानं घरात जे जे करकरत होतं ते ते धरलं. दाराची बिजागरी झाली. नळाची गळती झाली. खुराड्याची खिट्टी झाली. शेजारणीचा कंदील न मागता आणून केला. पिशवी कुलपात, म्हणून हे सगळं त्यानं चमच्याच्या दांड्यानं, खिळ्यानं आणि स्वतःच्या बोटांनी केलं.

"माझा गुडघा तेवढा राहिला बघ," वन्सं म्हणाल्या. "तोही घे करून."

तो हसला नाही. काम संपलं की येऊन मशीनसमोर बसायचा, गुडघ्यावर हात टेकून. त्याच्या उजव्या हाताची बोटं टक्‌बरोबर हलायची. आक्काला कधी कधी त्याची कीव यायची आणि कधी वाटायचं, दोन थोबाडीत द्याव्यात.

सोमवारी दुपारी कोंडा संपला. आक्का पोतं आणायला गिरणीवर गेली. गिरणीवर रांग होती. पोतं डोक्यावर घेऊन परत यायला तिला उन्हं कलली. वन्सं ओट्यावर भिंतीला टेकून घोरत होत्या. मिस्त्री हात धूत होता, आणि तिच्या लक्षात आलं, आज तो जेवणाआधीच भूक लागली म्हणाला. किती तरी महिन्यांत तो असं म्हणाला नव्हता. तिला बरं वाटलं. पोतं उतरवताना मानेत कळ आली होती, तिनं तेल चोळून घेतलं आणि पडली.

मंगळवारी सकाळी झाडू मारताना तिला घरात काही तरी कमी आहे असं वाटू लागलं. सगळं जागच्या जागी होतं. भांडी होती, पेटी होती, किल्ली कमरेला होती. तिनं मशीनवरची धूळसुद्धा झटकली नाही. बाईनं पुसायचं नाही म्हटलं नव्हतं, पण कशाला विषाची परीक्षा? तेवढ्यात वन्सं आतून म्हणाल्या, "आज कसं अगदी शांत वाटतंय."

आक्कानं झाडू टाकला. मशीनचं दार उघडलं. वरच्या जाळीतलं एक अंडं घेतलं, पापणीला टेकवलं. मधलं घेतलं. खालचं घेतलं. तिन्ही सारखी. खुडूक कोंबडीखालून काढलेल्या अंड्याला असते ना, तीच ऊब, तसूभरही कमीजास्त नाही. पंखा फिरत होता आणि त्याचा आवाज येत नव्हता.

तिनं अंडं परत जाळीत ठेवलं.

"अहो," ती म्हणाली. "अहो, काय केलंत?"

मिस्त्री मागच्या दारातून आत आला. त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत लांब ओरखडा होता. पत्र्याची कड लागल्याचा. तो लपवायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"चिठ्ठीला धक्का नाही लावला," तो म्हणाला. "खालची जाळी काढली, पुढूनच हात घातला, खांद्यापर्यंत. दांडा बोटांनी सरळ केला. बघ ना, कसा फिरतोय."

"आज तो माणूस यायचाय!"

"म्हणूनच तर. बाहेरचा माणूस येणार, आणि मिस्त्रीच्या घरात पंखा टक्‌टक् करणार? बरं दिसतं का ते? सात दिवस ऐकलं मी. सात दिवस."

"अरे देवा," वन्सं म्हणाल्या आणि तोंडावर पदर धरून खाली बसल्या. "माझा डोळा लागला गं. माझाच डोळा लागला."

आक्कानं दारातून पाहिलं. वळणावर फटफटीचा आवाज येत होता, पण अजून दूर. तिनं मिस्त्रीचा दंड धरला आणि त्याला मशीनकडे ओढलं.

"परत वाकडा करा."

"काय?"

"होता तसा करा. लवकर. हात घाला आत."

मिस्त्रीनं तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं होतं तो रागावेल, किंवा खजील होईल. तो नुसता बघत राहिला, तिचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतच नसल्यासारखा.

"मी बिघडवू?"

"होतंच बिघडलेलं! खोटं काय आहे त्यात?"

"अरे, कर ना मुकाट्यानं," वन्सं म्हणाल्या. "कोंबड्या जातील सगळ्या."

तो खाली बसला. खालची जाळी ओढून काढली. हात आत घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, आणि गाल पत्र्याला टेकवून तसाच थांबला. आक्का त्याच्या पाठीकडे बघत होती. पाठ हलत नव्हती. मग त्यानं हात बाहेर काढला. 

"नाही होत," तो म्हणाला. "धरतो, पण वळत नाही हात. चाळीस वर्षांत कुणाचं बिघडवलं नाही गं मी."

आक्कानं स्वतः बाही वर केली आणि हात घातला. तिला पत्रा लागला, वायर लागली, वारा लागला. दांडा कुठला ते कळेना. फटफटी दारात थांबली.

तपासनीस पोक्त माणूस होता, चष्मा कपाळावर. त्यानं चप्पल बाहेर काढली, चहा नको म्हणाला. पिशवीतून तीन लांब वायरी काढल्या, तिन्ही जाळ्यांत एकेक सोडली, टोकं एका डबीला जोडली आणि खुर्ची घेऊन बसला. दर पंधरा मिनिटांनी तो आकडे लिहायचा. साडेसदतीस. साडेसदतीस. साडेसदतीस. आक्का भिंतीशी उभी होती. दुपार झाली तशी तिची टाच दुखायला लागली, पण ती बसली नाही. वन्संनी आत माळ ओढायला घेतली होती. मिस्त्री ओट्यावर होता, आणि मधूनच मान वळवून आकड्यांकडे बघायचा. आकडा ठीक आला की त्याचा चेहरा जरासा उजळायचा. त्याला ते आवरत नव्हतं, आणि आक्काला ते दिसत होतं.

सहा तास झाले. तपासनिसानं मागची चिठ्ठी तपासली, अखंड. त्यानं चष्मा डोळ्यांवर घेतला.

"बाई, तक्रारीत लिहिलंय वर भाजतं, खाली गारठतं. इथं तर अर्ध्या अंशाचा फरक नाही. कुणी हात लावला होता का?"

आक्का म्हणाली, "काल माझ्या मालकांनी दांडा सरळ केला. आधी वाकडा होता."

"काढलेला भाग कुठाय? मोडलेला तुकडा, काही?"

"काढला नाही काही. तोच आहे. सरळ केला."

तपासनिसानं लेखणी खाली ठेवली. "मला दिसतं तेवढंच लिहिता येतं. आज दोष नाही. होता, याला पुरावा काय? आणि तुम्ही हात लावलात असं लिहिलं तर गॅरंटीही जाईल. तेव्हा हे मी ऐकलं नाही."

"बरं," आक्का म्हणाली.

त्यानं लिहिलं: दोष आढळला नाही. तिनं सही केली. जाताना तो मशीनवर थाप मारून म्हणाला, "छान चालतंय. सांभाळा." मिस्त्रीनं मान लववली.

दोन दिवसांनी आक्का दवाखान्यामागच्या खोलीत जाऊन आली. बाईनं अहवाल दोनदा वाचला. "मोडकंच राहू द्या म्हटलं होतं ना मी," ती म्हणाली. खोकला आला म्हणून ती बराच वेळ पाठमोरी होती. मग तिनं कंपनीला फोन लावला, मुदत मागितली, आणि पलीकडचं ऐकून खाली ठेवला.

कंपनीचं पत्र हप्तेवालाच घेऊन आला. राहिलेले सगळे हप्ते, वर दंड, मुदत पंधरा दिवस.

"आज अंडी लावली तर एकवीस दिवसांनी पिल्लं निघतील," आक्का म्हणाली. "तेवढं थांबा. आता मशीन ठीक आहे."

"कागदावर पंधराच आहेत, मावशी."

"मग मशीनच घेऊन जा."

"नेता येईल. पण वापरलेल्याची किंमत निम्मी धरतात. उरलेलं तुम्हालाच भरावं लागेल, आणि मशीनही जाईल." तो जमिनीकडे बघत होता. आज त्यानं हॉर्न दिला नव्हता.

कोंबड्यांचा व्यापारी बाराव्या दिवशी टेम्पो घेऊन आला. आक्कानं सकाळी दाणे टाकले नाहीत. पोट भरलेलं असलं की वजन वाढतं आणि व्यापारी कटकट करतो. तिनं एकेक कोंबडी स्वतः धरली, पंख मिटवले, पाय बांधले आणि त्याच्या हातात दिली. त्यानं दोन-दोनच्या जोड्या वजनकाट्याला अडकवल्या.

"यांची जात बघा तरी," आक्का म्हणाली. "पिल्लांसाठी ठेवायच्या कोंबड्या आहेत या. असं ठिपक्याचं पाखरू कुणाकडे नाही."

"शिजल्यावर ठिपके दिसतात का आक्का?" व्यापारी म्हणाला. वाईट हेतूनं नव्हे. रोजचीच त्याची गंमत होती ती. "वजनावर घेतो मी."

"दोन तरी ठेव गं," वन्सं म्हणाल्या. "बी म्हणून."

आक्कानं दोन वेगळ्या काढल्या. मग वजन झालं, रक्कम कमी पडली, आणि तिनं घरातली अंडीही दिली, त्या दोघींचेही पाय बांधले. शेवटची खुडूक होती, नख्या रोवून बसलेली. तिला उचलताना आक्काच्या हाताला चोच लागली. रक्त आलं. आपल्याला आता रडू यायला हवं, असं तिच्या मनात आलं. ती वाट बघत उभी राहिली. रडू आलं नाही.

टेम्पो गेल्यावर ती घरात आली. मिस्त्रीनं मशीन धुऊन पुसून लख्ख केलं होतं. जाळ्या औषधाच्या पाण्यानं पुसल्या होत्या, पाण्याचं ताट भरलं होतं. दिवा लागला होता.

"काल सकाळपासून तापवत ठेवलंय," तो म्हणाला. "वरखाली सारखं. लाव आता अंडी."

"कुठली?"

तो खुराड्याच्या दिशेनं बघत राहिला. टेम्पो त्यानं पाहिला होता. दोरीसुद्धा त्यानंच कापून दिली होती. तरी त्याला ते आताच कळत होतं, असं दिसलं. "ओढ्यापलीकडची बाई देईल ना?" तो म्हणाला. आक्कानं हातावरचं रक्त पदराला पुसलं. त्यानं मशीन बंद करायला हात पुढं केला, आणि तसाच मागं घेतला.

पंधराव्या दिवशी हप्तेवाला आला. ओट्यावर बसून त्यानं नोटा दोनदा मोजल्या. मग त्याची नजर आत गेली. पुढच्या खोलीत दिवा जळत होता, पंखा फिरत होता, तिन्ही जाळ्या रिकाम्या होत्या.

"अरे वा, चालतंय की!" तो म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता. "आता काही तक्रार नाही ना मग?"

"नाही," आक्का म्हणाली. "छान चालतंय."

"मग अंडी का नाही लावलीत? कोंबड्या कुठायत?"

"तुझ्या हातात आहेत बाबा," वन्सं म्हणाल्या. "नीट धर."

हप्तेवाल्यानं हातातल्या नोटांकडे पाहिलं. त्या पिशवीत टाकाव्यात की खाली ठेवाव्यात हे त्याला क्षणभर सुचेना. मिस्त्री उठून मागच्या दारातून बाहेर गेला.

"पावती द्या," आक्का म्हणाली.